साष्टी बेटावरची झाडांची नावे

बोरिवली हे नाव बोरीच्या झाडांवरून पडले असे बोरिवलीकर सांगत आले आहेत, आणि ही व्युत्पत्ती पटण्यासारखी आहे. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. १९५०च्या दशकात सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी आर. आर. फर्नांडिस यांनी साष्टीच्या जंगलातील एका कंदवर्गीय वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला नाव दिले ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’. म्हणजे एका झाडावरून गावाला नाव मिळाले आणि त्या गावावरून दुसऱ्या झाडाला. लॅटिन वळण घेऊन जगभरच्या वनस्पतिकोशांत गेलेली ही बोरिवली आजही तिथे आहे. ज्या बोरीवरून हे सगळे सुरू झाले, तिचे शास्त्रीय नाव मात्र ‘झिझिफस मॉरिशियाना’. आपल्या अंगणातली बोर कागदोपत्री मॉरिशसची!

हे बोरिविलियानम म्हणजे काय, असे बोरिवली स्थानकाबाहेर पावसाळ्यात टोपली घेऊन बसलेल्या बाईला विचारले, तर ती अर्थातच बघत राहील. पण तिच्या टोपलीत ते असण्याची शक्यता बरीच आहे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात गवताच्या पात्यांसारख्या, बुडाशी पांढऱ्या अशा लांबट पानांच्या जुड्या दिसू लागतात. तिला कोणी कुलू म्हणते, कोणी कुली, रायगडकडची माणसे फोडशी म्हणतात. ही भाजी याच कुळातल्या दोन-तीन जातींच्या पानांची असते आणि बोरिविलियानम ही त्यांतली एक. त्याच वनस्पतीची जमिनीखालची मुळे सोलून, वाळवून आयुर्वेदाच्या दुकानात गेली की तिचे नाव होते सफेद मुसळी, आणि भाव एकदम किलोला शेकड्यांत जातो. एका झाडाची ही तीन नावे तीन वेगवेगळ्या व्यवहारांची आहेत. कुलू म्हणणारी बाई पाने खुडते आणि कंद जमिनीत ठेवते, कारण तिला पुढच्या वर्षी पुन्हा यायचे असते. मुसळी म्हणणारा व्यापारी कंदच मागतो. शास्त्रज्ञाला एक नमुना कागदावर चिकटवला की पुरतो. कुठल्या नावाने हाक मारली, यावर त्या झाडाचे पुढे काय होणार हे बरेचसे ठरते. म्हणून झाडांच्या नावांचा विचार हा केवळ भाषेच्या हौशीचा विषय आहे, असे मला वाटत नाही.

०००

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आज उपनगरे असली, तरी भूगोलाच्या दृष्टीने आपण सगळे एका बेटावर राहतो. साष्टी हे ते बेट. सहासष्ट गावांची म्हणून षट्षष्टि, तिची साष्टी, अशी तिची सांगितली जाणारी फोड. या बेटाच्या मधोमध डोंगराची रांग आहे आणि तिच्यावर आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याला लागून आरेची वसाहत. भोवती खाड्या. इतक्या लहान जागेत डोंगरउतारावरचे पानगळीचे जंगल, ओढ्याकाठची सदाहरित झाडी, भातखाचरे, मिठागरे आणि खारफुटी असे सारे एकमेकांना खेटून आहे. माणसेही तशीच. डोंगरात वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि काही कातकरी. खाचरांत आगरी, कुणबी. किनाऱ्यावर कोळी, भंडारी. मरोळपासून गोराईपर्यंतच्या गावठाणांत मराठी बोलणारे ख्रिस्ती ईस्ट इंडियन. प्रत्येकाकडे आपापल्या परिसराची नावे आहेत. कातकरी या जमातीचे नावच खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून आलेले. जंगलातल्या पाड्याचे नाव चिंचपाडा, मालाडला पिंपरीपाडा आणि चिंचोली बंदर. खुणेचे झाड हाच पत्ता, असा तो काळ होता.

या नावांतले सर्वांत बोलके नाव निवडायचे झाले तर मी शेवळं निवडीन.

मे संपता संपता, पहिल्या वळवाच्या सरीनंतर, जंगलात पानांचा पत्ता नसताना जमिनीतून एक जांभळट-तपकिरी कोंब वर येतो. हे त्या झाडाचे फूल, नेमके बोलायचे तर फुलोरा. पान नंतर, फुलोरा मावळल्यावर येते. शास्त्रीय नाव ‘अमॉर्फोफॅलस कम्युटाटस’. सुरणाच्या सख्ख्या नात्यातले आणि पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर न आढळणारे. हा कोंब जेमतेम तीन-चार आठवडे बाजारात दिसतो. सीकेपी, पाठारे प्रभू, आगरी, ईस्ट इंडियन अशा घरांत त्याची वाट पाहिली जाते. कोळंबी घालून किंवा खिम्याबरोबर केलेली शेवळं हा तिथे सणासारखा प्रकार असतो. पण सोललेला कोंब तसाच शिजवला तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढायची सोय नाही. सुरण आणि अळूप्रमाणेच यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून वरचे आवरण काढायचे, आतला पिवळा भाग टाकून द्यायचा आणि काकडं घालून शिजवायचे.

ही काकडं म्हणजे भाजीतली काकडी नव्हे. काकड नावाचा एक मोठा पानगळीचा वृक्ष आहे, त्याची ही लहान, हिरवी, चांगली आंबट फळे. शेवळांच्या जुडीबरोबर ओंजळभर काकडं द्यायची, हा विकणाऱ्या बायकांचा जुना रिवाज. घेणाऱ्याने नको म्हटले तर त्या ऐकत नाहीत. “मावशी, चिंच आहे घरात,” असे मी एकदा म्हणून पाहिले. “असूं दे ताई, शेवळाला काकडच लागतं,” असे म्हणत त्यांनी ती पिशवीत टाकलीच. चिंचेने किंवा कोकमानेही काम भागते, हे पुष्कळ घरांत सिद्ध झालेले आहे. पण त्या बाईंच्या लेखी शेवळं आणि काकड हे दोन स्वतंत्र शब्द नव्हतेच. दोन्ही एकाच जंगलातले, एकाच पंधरवड्यातले. एकात दोष आणि दुसऱ्यात त्याचा उतारा. कोशात या दोन नोंदी ‘श’ आणि ‘क’ या अक्षरांखाली दूर दूर पडतील. जोडशब्दासारखे हे ज्ञान कोशाच्या रचनेतच बसत नाही, आणि आपल्याकडच्या वनस्पतिनोंदींची खरी अडचण तिथे आहे.

०००

असाच विचार दूरच्या पॅसिफिक बेटांवरच्या भाषांच्या अभ्यासकांना करावा लागला आहे, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. गंमत म्हणजे तिथल्या आणि आपल्या झाडांत ओळखीचे चेहरे बरेच निघतात. अळू घ्या. सामोआ आणि टोंगात त्याला ‘तालो’ म्हणतात, न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘तारो’, हवाईत ‘कालो’. ध्वनिबदलाचे नियम लावून भाषाशास्त्रज्ञ मागे मागे जातात आणि हजारो वर्षांपूर्वी होड्यांतून निघालेल्या मूळ समूहाच्या शब्दापर्यंत पोचतात. लिखित पुराव्याशिवाय, केवळ एका कंदाच्या नावावरून माणसांच्या प्रवासाचा माग लागतो. हवाईत अळवाच्या प्रकारांची शेकडो नावे होती आणि पुराणकथेनुसार अळू हा माणसाचा थोरला भाऊ. आपल्याकडे भाजीचे अळू, वडीचे अळू, खाजरे अळू आणि पावसात बांधावर उगवणारे तेरे एवढी विभागणी तरी शिल्लक आहे. त्यातला ‘खाजरे’ हा शब्द पुरेसा सावध करणारा आहे. कोनफळ तिकडे सामोआत ‘उफी’ आणि हवाईत ‘उही’. करांद्याच्या कुळातला, वेलीवर गाठी धरणारा तोच कंद हवाईत ‘होई’. तो कडू, म्हणून वाहत्या पाण्यात धुऊन, दुष्काळात खायचा. आपल्या डोंगरातही कडू करांदा राखेच्या पाण्यात उकडून, पाणी बदलत बदलत, खाण्याजोगा करतात. दोन जागांमध्ये काही हजार मैलांचा समुद्र, आणि युक्ती तीच.

माओरींचे उदाहरण तर मला फार मोलाचे वाटते. साधारण तेराव्या शतकात हे लोक उष्ण बेटांवरून थंड न्यूझीलंडात उतरले, तेव्हा सोबत आणलेली नावे पुष्कळ होती, पण त्या नावांची झाडे तिथे नव्हती. नारळ त्या थंडीत येत नाही. मग नारळाच्या झावळीसाठीचा ‘नीकाऊ’ हा शब्द त्यांनी तिथल्या एका ताडवर्गीय झाडाला दिला. कावा नावाचे पेय ज्या मिरीवर्गीय झुडपापासून करतात ते तिथे नव्हते. त्याच्या नात्यातले एक झुडूप दिसले, त्याला ‘कावाकावा’ म्हटले. नाव आधी आणि झाड नंतर, असा हा उलटा क्रम. स्थलांतरित माणूस आपली जुनी नावे नव्या जागेवर पांघरतो. मुंबईत आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने थोड्याफार प्रमाणात हेच केले आहे. देशावरच्या माणसाला कोकणातले झाड दिसले की तो त्याला आपल्याकडच्या जवळच्या झाडाचे नाव देतो आणि पुढे ‘रान’ हे उपपद लावून मोकळा होतो. रानजाई, रानहळद, रानकेळ, रानतुळस. यातली निम्मी ‘राने’ म्हणजे नाव ठाऊक नसल्याची सभ्य कबुली आहे.

त्याउलट झाडाबरोबर पिढ्या काढलेल्या माणसांची उपपदे नेमकी असतात. करटोलीच्या वेलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. नराला फळ धरत नाही. वनस्पतींतले लिंगभेद युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगाने सिद्ध झाले. आपल्या निघंटूंनी त्या नर वेलीला ‘वन्ध्या कर्कोटकी’ म्हटले, गावात ती वांझ करटोली झाली. कारण चुकीचे सांगितले असेल, निरीक्षण चोख आहे. टाकळ्याचे संस्कृत नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण घालवणारा. त्याच्या बियांतल्या द्रव्यांचा त्वचारोगावर उपयोग होतो हे पुढे रसायनशास्त्रानेही मान्य केले. कळलावीचे नाव ऐकूनच बाळंतपणाची कळ आठवावी. तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष आहे आणि पोटात गेल्यास माणूस दगावतो. पावसाळ्यात उद्यानाच्या कुंपणावर तिची लालपिवळी फुले काय देखणी दिसतात! आज ‘ग्लोरी लिली’ म्हणून कुंडीत ती विकली जाते, तेव्हा नावातली धोक्याची खूण नेमकी गळून पडलेली असते.

नावाच्या गोंधळाने माणसाच्या जिवाशी कसा खेळ होतो, याचा जुना दाखला कुड्याचा आहे. साष्टीच्या जंगलात दोन कुडे शेजारी शेजारी वाढतात. एक पांढरा कुडा, ‘होलॅरेना’. त्याची साल आमांशावरचे नामांकित औषध, चव कडूजहर. दुसरा काळा कुडा, ‘राइटिया टिंक्टोरिया’. त्याच्या पानांतून निळा रंग निघतो, पण आमांशाला त्याचा पहिल्यासारखा गुण नाही. दोघांच्याही शेंगा लांब, जोडीने लोंबणाऱ्या. बाजारात एकाची साल दुसऱ्याच्या नावाने खपू लागली. युरोपात अठराव्या शतकात गेलेल्या कुड्याच्या सालीची पत या भेसळीमुळे घसरली आणि औषधच निरुपयोगी असल्याचा समज पसरला. शास्त्रीय नावांनीही गोंधळात भरच घातली: ‘अँटिडिसेंटेरिका’, म्हणजे आमांशहारी, हे विशेषण येऊन चिकटले ते श्रीलंकेतल्या एका तिसऱ्याच झुडपाला. ते झुडूप आज मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या बागांतून पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांसाठी लावतात. नावावर विसंबून कोणी त्याची साल उगाळू नये म्हणजे झाले. गावाने मात्र हा प्रश्न फार सोप्या रीतीने सोडवला होता. पांढऱ्या कुड्याचे बी ते कडू इंद्रजव, काळ्याचे ते गोडे इंद्रजव. जिभेवर ठेवा आणि ओळखा. परीक्षा नावातच सांगून ठेवलेली.

०००

ही नावे पुस्तकात कशी गेली, हाही एक प्रवास आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता आणि मुंबईचे बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात इथल्या औषधी झाडांची नावे अनेक भाषांतून दिली आहेत. त्यात निर्गुडी आहे, ‘नेगुंडो’ या रूपात. पुढे लिनियसने तेच नाव उचलले आणि आपल्या निर्गुडीचे ‘व्हायटेक्स नेगुंडो’ झाले. तेवढ्यावर भागले नाही. उत्तर अमेरिकेतल्या एका मेपलची पाने निर्गुडीसारखी दिसली म्हणून त्यालाही ‘एसर नेगुंडो’ म्हटले गेले. सांधे धरले की ज्या पाल्याने शेकतात, त्याचे नाव कॅनडाच्या बर्फात उभ्या असलेल्या झाडाला!

साष्टीच्या बाकीच्या झाडांचे नशीब इतके विलक्षण नाही. ज्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जिथे काम केले, तिथल्या भाषेतून शास्त्रीय नाव आले. रॉक्सबर्ग कोरोमंडल किनाऱ्यावर होता, म्हणून आपल्या काकडाचे नाव ‘गरुगा’, मुळात तेलुगू. मलबारच्या वैद्यांच्या मदतीने सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी ‘होर्टुस मलाबारिकुस’चे बारा खंड काढले, म्हणून कांदळाच्या एका नातलगाचे ‘कँडेलिया’ झाले, मल्याळीतून. मराठीच्या वाट्याला असे मान थोडे आले. त्यातला एक कारवीचा: १९४४मध्ये ब्रेमेकांप या डच शास्त्रज्ञाने तिच्यासाठी ‘कार्व्हिया’ अशी स्वतंत्र प्रजातीच कल्पिली. आता बहुतेक जण तिला पुन्हा ‘स्ट्रोबिलँथिस’मध्ये घालतात. मराठी शब्दाचे शास्त्रातले आयुष्य कारवीच्या बहरासारखेच ठरले. ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, मग मरते. उद्यानात २०१६मध्ये तिचा मोठा बहर आला होता. तिच्या काठ्यांच्या कुडाला शेण-माती लिंपून पाड्यांतल्या घरांच्या भिंती उभ्या राहत.

इंग्रजी अमदानीत मुंबईच्या वनस्पतींच्या याद्या होऊ लागल्या. जॉन ग्रॅहॅम हा टपालखात्यातला अधिकारी; त्याची मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची यादी १८३९मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, मित्र जोसेफ निमो याने पुरी केली. १८६१मध्ये डाल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ आला. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला डिमॉक, वॉर्डन आणि हूपर यांची ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ निघाली. तिच्यात मुंबईच्या बाजारात कोणती मुळी कोणत्या नावाने मिळते, याचा तपशील वाचनीय आहे. १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा बृहद्‌ग्रंथ केला आणि जातीगणिक देशी नावे नोंदवली. आजही मराठी नाव शोधताना आपण बहुतेक वेळा नकळत कुकपाशीच जाऊन पोचतो.

या सगळ्यांचे ऋण मोठे आहे. पण एक गोष्ट खटकते. नाव कोणी सांगितले, हे क्वचितच कळते. ‘स्थानिक नाव’ म्हणून एकच शब्द छापला जातो. तो वारल्याचा, आगऱ्याचा, की गिरगावातल्या काष्टौषधीच्या दुकानदाराचा? मलबारच्या ग्रंथात निदान इट्टी अच्युतन या वैद्याचे नाव आणि त्याचे निवेदन छापलेले आहे. आपल्याकडे एकाच मराठी नावाखाली चार बोली गुंडाळल्या गेल्या. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६चे. त्या पुस्तकाने मराठी वाचकाला झाडाकडे बघायला शिकवले, यात शंका नाही. मात्र बघणे आणि नाव घेणे या दोन्हींच्या मागे जे वापरणे असते, ते साहित्यात फार कमी उतरले.

०००

खाडीकाठी वेगळीच कहाणी. खारफुटीसाठी सरकारी मराठीत आता ‘कांदळवन’ हा शब्द रुळला आहे. वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२पासून आहे. शब्द चांगला आहे, नादही चांगला. फक्त मुंबईच्या खाड्यांत कांदळ थोडे आणि तिवर फार. कांदळ म्हणजे टेकूसारखी मुळे सोडणारे ‘रायझोफोरा’. तिवर म्हणजे चिखलातून पेन्सिलीसारखी श्वासमुळे वर काढणारे ‘अॅव्हिसेनिया’. कोळ्याला दोन्ही वेगळी दिसतात, कारण होडी कुठून घालायची, चिंबोरी कुठे सापडेल, हे त्याला त्यावरून कळते. शिवाय चिपी आहे, झुंबर आहे, काटेरी मारांडी आहे, डोळ्यांना अपाय करणाऱ्या चिकाचा गेवा आहे. २०२०मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केला, तेव्हा एक स्थानिक नाव तरी सरकारी कागदावर ठसठशीत आले. कोळीवाड्यांत मात्र अजूनही सगळ्याला मिळून ‘तिवरं’च म्हणतात. जे जास्त त्याचे नाव सगळ्यांना, हा त्यांचा हिशेब मला अधिक प्रामाणिक वाटतो.

शहरातल्या आपल्या सणांतही नावांची अशीच ओढाताण चालते. गणपतीच्या एकवीस पत्रींत देवदार येतो; तो हिमालयातला, साष्टीत कुठून आणणार? पोथीतले नाव पुरे करायचे म्हणून विकणारा जे पान देईल ते देवदार. दसऱ्याला आपट्याची पाने म्हणून जे सोने वाटले जाते, त्यात कांचनाचा पाला किती असतो हे सर्वांना माहीत आहे. आपटा, कांचन, आंबटसर पानांची कोरल ही सगळी ‘बॉहिनिया’ कुळातली भावंडे, सगळ्यांची पाने मधोमध दुभंगलेली. त्या दोन पाळ्या पाहूनच या कुळाला बॉहिन नावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांचे नाव दिले गेले. आपट्याचे पान लहान, रुंदीला जास्त, हाताला जाडसर. विड्या वळायला ते वापरत. कांचनाचे मोठे आणि मऊ. एवढे जरी घराघरात माहीत असते, तरी दर वर्षी रस्त्यावरच्या कांचनांच्या फांद्या सोन्याच्या नावाने ओरबाडल्या गेल्या नसत्या.

०००

आरेत सत्तावीस पाडे असल्याचे सांगितले जाते. १९४९मध्ये दुग्धवसाहत आली तेव्हा त्यांतली पुष्कळ माणसे तिथे आधीपासून होती. राष्ट्रीय उद्यानातल्या वस्त्या हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७मध्ये दिला आणि अतिक्रमण करणाऱ्यांबरोबर जुन्या पाड्यांवरही टांगती तलवार आली. ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे दोन रात्रींत तोडली गेली, हे ताजेच आहे. या वादांत ‘झाडे किती’ याचा आकडा दोन्ही बाजूंनी सांगितला गेला. ‘झाडे कोणती, कोणाच्या उपयोगाची’ याची चर्चा फारच थोडी झाली.

ती चर्चा कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या नियमांत सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून काय चालेल याची यादी आहे, आणि तिच्यात कंदमुळे, चारा, रानफळे गोळा करण्याच्या जागा आणि वैदूंच्या औषधी वनस्पती गोळा करण्याच्या जागा स्पष्टपणे येतात. ज्या माणसाकडे सातबारा नाही, त्याच्याकडे ‘या ओहोळाच्या वर काकड आहेत, त्यांच्याखाली शेवळं निघतात, पलीकडच्या कातळावर कुलू’ हे सांगण्याची ताकद असू शकते. हे सांगता यायचे तर झाडाचे नाव हवे. नुसते ‘रानभाजी’ म्हणून भागत नाही. वीस वर्षांच्या मुलाला आजीकडून टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली एवढी चार-पाच बाजारात खपणारी नावे मिळाली असतील आणि उरलेली पन्नास मिळाली नसतील, तर कुटुंबाच्या हातातला पुरावा तेवढाच तोकडा होतो.

दुसरे साधन २००२च्या जैवविविधता कायद्यातले: लोक जैवविविधता नोंदवही. माधव गाडगीळ यांनी रुजवलेली ही कल्पना. प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीतले जीव, त्यांचे उपयोग आणि त्याविषयीचे लोकांचे ज्ञान लिहून ठेवावे, असे ती सांगते. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२०अखेरची मुदत घातल्यावर देशभर या नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. घाईत काय होते, हे सरकारी तक्ते भरणाऱ्या कोणालाही सांगायला नको. शास्त्रीय नावाचा रकाना पुस्तकातून भरला जातो, स्थानिक नावाचा रकाना कुकच्या शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथातून आणि उपयोगाच्या रकान्यात ‘औषधी’.

शेवळांची नोंद नीट करायची म्हटली तर ती अशी करावी लागेल. नाव शेवळं, सांगणारी अमुक पाड्याची, अमुक बोली बोलणारी. निघण्याची वेळ पहिल्या वळवानंतर, पान येण्याआधी. निघण्याची जागा. कोंब कापताना कंद न दुखावण्याची रीत. काय टाकायचे: वरचे आवरण आणि पिवळा भाग. कशाबरोबर शिजवायचे: काकड, आणि तो कुठे आहे. कोणी आणायचे, कोणी विकायचे, कुठल्या स्थानकावर. यातल्या एकाही ओळीला सरकारी तक्त्यात स्वतंत्र रकाना मिळणे अवघड आहे, म्हणून तक्त्याची मागची कोरी बाजू वापरावी. आणि हे विचारायला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जावे. दिवाळीत शेवळांचा कंद जमिनीखाली निजलेला असतो आणि विकणाऱ्या मावशी भातकापणीला गेलेल्या असतात.